चौदा प्रमाणपत्रं आणि एक घसा

मटार सोलताना माणसाने तोंड बंद ठेवावं, ही साधी गोष्ट मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळली, आणि तीही प्राचार्यांच्या केबिनमध्ये.

सोमवार होता. मी, सीताराम उंब्रजकर, नारायण पेठेतल्या एका जुन्या कॉलेजात चोवीस वर्षं भूगोल शिकवतो. आवाज खणखणीत. एकशे वीस मुलांच्या वर्गात मला आजवर माइक लागलेला नाही. पोरं मागून 'भोंगा' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच होता. त्या दिवशी प्राचार्य मच्छिंद्र शेळके यांनी मला बोलावून घेतलं आणि चक्क बसायला खुर्ची दिली. आमचे प्राचार्य खुर्ची देतात तेव्हा काहीतरी काढून घेणार असतात, म्हणून मी खुर्चीच्या कडेलाच टेकलो.

"अभिनंदन, उंब्रजकर सर. प्राध्यापक विकास कार्यक्रमांची सगळ्यात जास्त प्रमाणपत्रं कोणाची आहेत माहितीये? तुमची. चौदा."

आता हे कार्यक्रम कसे चालतात ते बाहेरच्या माणसाला सांगायलाच हवं. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर शिकवण्याचं प्रशिक्षण घेतल्याचे कागद लागतात. प्रशिक्षण ऑनलाइन असतं. दुपारी दोनला लॉगिन करायचं, कॅमेरा बंद करायचा आणि आपापल्या कामाला लागायचं. शेवटच्या दहा मिनिटांत अभिप्रायाच्या फॉर्मची लिंक येते. तेवढी चुकवायची नाही. लिंक आली की आमच्या स्टाफरूममधला तेजस, म्हणजे आमचा सगळ्यात तरुण प्राध्यापक, सगळ्यांना फोन करतो. मग जो तो जागा होऊन सगळ्या रकान्यांत 'अतिउत्कृष्ट' भरतो आणि संध्याकाळपर्यंत प्रमाणपत्र मेलवर येतं. 'अभ्यासक्रमाची रचना' या कार्यक्रमात मी मोरीचा नळ बदलला. 'मूल्यमापनाच्या आधुनिक पद्धती'त कैरीचं लोणचं घातलं. माझा विकास झाला नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

"तर शुक्रवारी समिती येतेय," प्राचार्य म्हणाले. "एवढं प्रशिक्षण वर्गात कुठे दिसतं, ते त्यांना बघायचंय. तुमचाच तास दाखवायचा. समितीच्या अध्यक्षा बघतील आणि तुमच्या बढतीच्या फाईलवर जागेवरच शेरा मारतील."

पाच वर्षं अडकलेली फाईल. मी विचारलं, "आणि समजा नाही आवडला तास?"

"मग चौदा प्रमाणपत्रं आहेतच की. फ्रेम करून घरी लावा."

असं म्हणून त्यांनी समितीचा कागद पुढे सरकवला. अध्यक्षा : डॉ. शेफाली धर्माधिकारी. ते नाव वाचलं आणि मी उरलासुरला खुर्चीवरून खाली यायच्या बेताला आलो.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, याच बाईंचं ऑनलाइन व्याख्यान होतं. विषय : वर्गाचं लक्ष कसं टिकवावं. आमच्या घरचा लॅपटॉप बिघडलेला, म्हणून मी लेकीच्या, संस्कृतीच्या टॅबवरून हजर होतो. टॅब ओट्यावर, मी खाली पाटावर, समोर दोन किलो मटार. दीड तास झाला तरी बाई प्रस्तावनेतच. शेवटी मी माझ्या कमावलेल्या आवाजात बायकोला म्हणालो, "शालन, ही बाई लक्ष कसं टिकवावं ते दीड तास सांगतेय आणि अजून मुद्द्यावर यायला तयार नाही. तू बटाटे चिरायला घे, हिचं काही आज आटपत नाही."

माइक चालू होता.

देशभरातले तीनशे चाळीस प्राध्यापक ऐकत होते. बाईंचं बोलणं तुटलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "कोणाचा तरी माइक सुरू आहे बहुतेक." मी टॅबवर अशी झडप घातली की मटाराचं पातेलं उपडं झालं. स्क्रीनवर नाव होतं 'संस्कृतीचा टॅब', तेवढ्यावर निभावलं. पण आवाज? माझा आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही, हे मीच लोकांना कौतुकाने सांगत आलो होतो.

घरी येऊन शालनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरी मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी काम करा नाहीतर आधी शिका."

"आता काय करू ते सांग."

"आता बटाटे मीच चिरते. तुम्ही शिका."

आमच्या घरात सहानुभूती मागायची असेल तर आधी नंबर लावावा लागतो. मी शेजारी गेलो. शेजारी म्हणजे सर्जेराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. चौतीस वर्षं नोकरीत एकदाही मेमो नाही. त्यांनी सगळं ऐकलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "सोपं आहे. घसा बसवा."

"म्हणजे?"

"अहो, साहेब तपासणीला आला की माझा घसा बसायचा. मफलर बांधून बसायचो. बोलताच येत नाही त्याला कोण काय विचारणार? चौतीस वर्षं निघाली."

"पण सर्जेराव, मी मास्तर आहे. बोलायचाच पगार आहे मला."

"मग बोला," सर्जेराव म्हणाले. "बाईंना आनंदच होईल."

मंगळवारी सकाळी मी मफलर बांधला.

खोटं एकदा घरात घेतलं की त्याला जेवूखाऊही घालावं लागतं. आमच्याच मजल्यावर सुशीलाबाई राहतात, आणि त्यांची नात चैताली माझ्याच वर्गात आहे. म्हणजे कॉलेजात मुका आणि घरी बोलका, ही सोय नाही. आठ वाजता सुशीलाबाई ज्येष्ठमध घेऊन आल्या. नऊला हळदीचं दूध. दहाला त्यांनी माझा जबडा धरून घशात टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "लाल तर काहीच दिसत नाही हो." मी आवंढा गिळला आणि डोळ्यांत पाणी आणलं. ते आणायला फार कष्ट पडले नाहीत.

कॉलेजात वेगळंच वाढून ठेवलेलं. ऑफिसातल्या चेतनने माझी चौदा प्रमाणपत्रं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली होती. एकावर उंब्रजकर, एकावर उंबरजकर, एकावर उमराजकर, एकावर नुसतंच सीताराम के. आणि मटारच्या दिवसाचं प्रमाणपत्र? ते 'संस्कृती उंब्रजकर' या नावाने.

"सर, या फाईलमध्ये चौदा माणसं आहेत," चेतन म्हणाला. "त्यांतली एक बाई आहे. बढती कोणाला द्यायची?"

मी खुणेने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"ते सगळेच म्हणतील. हे चौदाही आपणच, असं प्रतिज्ञापत्र आणा."

कोर्टाजवळच्या वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, शपथ तोंडाने घ्यावी लागते. मी मफलर दाखवला. तो म्हणाला, मफलर शपथ घेऊ शकत नाही. शेवटी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही असं बघून मी त्याच्या कानात कुजबुजलो, "मी, सीताराम उंब्रजकर, हे चौदाही मीच." संस्कृतीचं प्रमाणपत्र मात्र त्याने बाजूला काढलं आणि म्हणाला, "मुलगी होण्याची शपथ माझ्याकडे होत नाही." तेरावर आलो.

इकडे प्राचार्यांना घशाची बातमी लागली. ते स्वतः स्टाफरूममध्ये आले. "घसा बसला? शुक्रवार तोंडावर आलाय आणि घसा बसला? मग तेजसला उभा करतो."

तेजसला उभा केला की फाईल बसली. मी घाईघाईने कागदावर लिहिलं : नवीन पद्धतीत शिक्षकाने बोलायचंच नसतं. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "असं आहे?" त्यांनी तेजसला विचारलं. तेजस त्या मटारच्या सभेला होता, त्याने माझा आवाज तेव्हाच ओळखला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मफलरकडे पाहिलं, आणि पोरगा गुणाचा, शांतपणे म्हणाला, "हो सर, विद्यार्थीकेंद्री पद्धत. एकदम लेटेस्ट आहे."

प्राचार्यांचे डोळे चमकले. संध्याकाळी नोटीस लागली : 'मौन अध्यापन : एक अभिनव प्रयोग. सर्व विभागांच्या प्राध्यापकांनी शुक्रवारी अकरा वाजता उपस्थित राहावे.' म्हणजे ज्या फजितीला तिघांची समिती पुरेशी होती, तिला आता अख्खं कॉलेज बसणार होतं.

बुधवारी मी आयुष्यात पहिल्यांदा त्या चौदा कार्यक्रमांची टिपणं उघडली. घाबरून उघडली, खोटं कशाला बोलू. धर्माधिकारी बाईंच्या पहिल्याच पानावर होतं : तास संपताना विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते आधी ठरवा, आणि तिथून मागे या. शिवाय एक ऑनलाइन फॉर्म होता. त्यात माझ्या धड्याचं फळ लिहायचं. मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांना समोच्च रेषा समजतील.' फॉर्म तांबडा झाला. 'समजणे' चालत नाही, मोजता येत नाही म्हणे. 'माहीत होईल' लिहिलं, पुन्हा तांबडा. चोवीस वर्षं पोरांना जे होत होतं असं मी धरून चाललो होतो, ते सगळं तांबडं.

मग टाइप करायचं सोडून बसलो. समोच्च रेषा म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. जवळजवळ असल्या की चढ खडा, लांब लांब असल्या की सपाटी. हे मी चोवीस वेळा फळ्यावर काढलं, माझ्या वहीतून त्यांच्या वहीत गेलं, वहीतून पेपरात गेलं. पण त्यातल्या एका तरी पोराला नकाशा हातात दिला तर टेकडी दिसते का? मी कधी विचारलंच नव्हतं. शालन बटाटेवड्यांसाठी बटाटे निवडत होती. त्यातला एक उताणा पडला होता, हुबेहूब टेकडी. आडवा कापला की एकेक चकती म्हणजे एकेक उंची, चकतीभोवती पेन्सिल फिरवली की झाली रेषा. मी ओरडलो, "शालन, बटाटा!"

"हळू," ती म्हणाली. "घसा बसलाय तुमचा."

शुक्रवारी साडेदहाला मी पिशवीत चार किलो बटाटे आणि बारा चाकू घेऊन कॉलेजच्या फाटकात पोचलो. चाकू का बारा, तर बारा गट. इतका विचार मी कधी कुठल्या तासाचा केला नव्हता. फाटकावर आमचा वॉचमन गेनबा.

"सर, पिशवीत काय हाय?"

मी बटाटा काढून दाखवला. त्याने पिशवी हलवली. आतून खणखण आवाज आला. त्याने हात घालून सगळे बाहेर काढले.

"आयला, बारा चाकू! सर, पाव्हणे यायचेत आज, आन् तुम्ही चाकू? न्हाई जमायचं. प्रिन्सिपॉलसायबाची चिठ्ठी हाय का?"

मी हातवारे केले. बटाटा दाखवला, कापायची खूण केली, मग माझ्या लक्षात आलं की मी बटाट्याऐवजी गळ्याजवळ हात फिरवतोय. गेनबा दोन पावलं मागे सरला. "बोला की वो सर! रोज तर रस्त्यापत्तुर आवाज येतो तुमचा!"

आणि नेमकी त्याच वेळी मागे पांढरी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. आत धर्माधिकारी बाई. पिकलेले केस, जाड चष्मा, मांडीवर माझी फाईल. त्या माझ्याकडे बघत होत्या, गेनबाच्या हातातल्या चाकूंकडे बघत होत्या. दोन शब्द बोललो असतो तर चाकू सुटले असते आणि मी अडकलो असतो. मी हात जोडले, चाकू गेनबाकडेच सोडले आणि नुसते बटाटे घेऊन पळालो.

वर्गात साठ मुलं, मागे तीस प्राध्यापक, पहिल्या बाकावर समिती, दारात प्राचार्य. अकराची घंटा झाली. मी फळ्यावर लिहिलं : 'या बटाट्याचा नकाशा काढा. उंची दिसली पाहिजे.' बटाटे वाटले, पट्ट्या वाटल्या. आणि उभा राहिलो. पुढे चाकू वाटायचे होते, ते फाटकावर. दुसरं काही ठरवलंच नव्हतं.

एक मिनिट कोणी हललं नाही. दोन मिनिटं. घाम मफलरमध्ये मुरत होता. मागून इतिहासाच्या प्राध्यापकांचं खाकरणं ऐकू आलं. पियुषने बटाट्याला डोळे आणि मिशा काढल्या. धर्माधिकारी बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. आज्ञा करायची सवय अशी की माझा जबडा आपोआप उघडायचा आणि मी तो हाताने मिटायचो.

मग चैताली म्हणाली, "सर, कापायला काही आहे का?" मी मान हलवली. नाही.

"मग उंची कशी मोजायची?"

मी खांदे उडवले. ते अभिनव प्रयोग म्हणून नव्हे, मला खरंच माहीत नव्हतं.

शेवटच्या बाकावर इंद्रजीत बसतो. वारज्याचा. गावाची शहरात भर पडली तेव्हा घरची शेती गेली, आता गाळे भाड्याने आहेत. तीन वर्षांत मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या : झोपू नकोस, आणि झोपायचंच असेल तर बाहेर झोप. तो बटाटा हातात फिरवत होता. म्हणाला, "कापायचा कशाला? बुडवू की."

"काय?"

"पाण्यात. पूर आला की आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर रेघ उमटायची. एका वर्साची खाली, एका वर्साची वर. पाणी काय वाकडं चढत नाही. रेघ सगळीकडं सारख्याच उंचीला."

चोवीस वर्षांत मी समोच्च रेषेची इतकी चांगली व्याख्या सांगितली नव्हती. माझ्या तोंडून 'शाब्बास' निसटणार होतं, मी रुमाल तोंडात कोंबला. तोवर चैतालीने डब्यातले पोहे मैत्रिणीच्या डब्यात उलटले होते. इंद्रजीतने बटाटा खिडकीच्या दगडी कठड्यावर घासून त्याचं बूड सपाट केलं, डब्यात बसवला, पट्टी उभी धरली. अर्धा सेंटिमीटर पाणी, पेनाने कडेने ओरखडा. आणखी अर्धा, आणखी ओरखडा. बघता बघता साठ मुलं डब्यांवर वाकली. वर्गभर पाणी, पोहे आणि चटणी. आमचे इतिहासवाले सर बाकावर चढून बघत होते.

पियुषच्या बटाट्यावर दोन रेषा एकमेकींना कापून गेल्या. अरे, समोच्च रेषा कधी एकमेकींना छेदत नाहीत! एकच जागा एकाच वेळी दोन उंचींवर असेल का, गाढवा! हे सगळं मी रुमालात बोललो. कान लाल झाले. आणि चैताली त्याला म्हणाली, "अरे, पाणी एकाच वेळी खाली आणि वर कसं असेल? तुझा डबा कलला." पियुषने डबा सरळ केला. बस्स, एवढंच. मला वाटायचं, मी नसलो तर हे कोण सांगणार?

मग मी वारज्याच्या बाजूचा नकाशा भिंतीवर लावला. समोच्च रेषांचा. त्यावर एकही नाव नव्हतं. पोरं बटाटे हातात घेऊन त्याभोवती जमली. इंद्रजीत बराच वेळ बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "सर, ही आमची टेकडी हाय!"

"कशावरून?" चैताली म्हणाली.

"हितं रेघा बघ, कशा खेटून आल्यात. खडा उतार. आमचा आज्जा हितनं म्हशी उतरवायचा न्हाई. पलीकडनं घालायचा, तिकडं बघ, रेघा लांब लांब."

"मग पावसाचं पाणी कुठून खाली येणार?"

त्याने बोटाने रेषांच्या खाचेतून वाट काढली. बोट जिथे थांबलं तिथे तोही थांबला. "हितं. हितं आता सोसायटी हाय. म्हणून पार्किंगमधी पाणी भरतं तर." मग हळू आवाजात म्हणाला, "जमीन आमचीच होती."

तीन वर्षं या पोराच्या डोक्यात ही टेकडी होती आणि मी त्याला हिमालय लिहून देत होतो. मला लाज वाटली, सरळ शब्दांत सांगायचं तर.

घंटेला दोन मिनिटं उरली होती. निभावलं, असं मला वाटलं. फाईल डोळ्यांसमोर दिसायला लागली. आणि तेवढ्यात पियुषने आवराआवर करायच्या उत्साहात बटाट्याच्या गढूळ पाण्याचा भलामोठा डबा उचलला आणि खिडकीशी गेला. खिडकीखाली, दोन मिनिटांपूर्वीच फोन घ्यायला बाहेर गेलेले प्राचार्य शेळके, नवा सदरा घालून उभे होते. पियुषचा हात वर गेला.

"अरे थांब, गाढवा! खाली प्राचार्य आहेत!"

काचा हादरल्या. फाटकावर गेनबा उभा राहिला म्हणतात. पियुषचा हात तसाच हवेत. साठ मुलं, तीस प्राध्यापक, सगळे माझ्याकडे बघत होते. रुमाल खाली पडला होता. आणि पहिल्या बाकावर धर्माधिकारी बाईंनी वहीतून हळूहळू मान वर केली.

घंटा झाली. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "उंब्रजकर सर, जरा बाहेर येता?"

व्हरांड्यात आम्ही दोघंच. फाईल त्यांच्या काखेत. मी मफलर सोडून हातात घेतला. आता त्याचा उपयोग नव्हता.

"आवाज ओळखीचा वाटला," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी..."

"बटाटे चिरून झाले का मग त्या दिवशी?"

मी खाली बघून म्हणालो, "झाले. भाजी खारट झाली."

"सर, त्या व्याख्यानाला तीनशे चाळीस जण होते. तीनशे चाळीस फॉर्म आले आणि सगळ्यांनी 'अतिउत्कृष्ट' लिहिलं. तुम्हीही लिहिलं असेल."

"लिहिलं."

"खरं बोललेला एकच माणूस होता, तोही चुकून." त्यांनी चष्मा पुसला. "राग आला होता मला. आठवडाभर झोप नव्हती. मग ते रेकॉर्डिंग लावून ऐकलं. दीड तास मी खरंच मुद्द्यावर आले नव्हते. तेव्हापासून मी वीस मिनिटांच्या वर बोलत नाही. पुढचं लोकांना करायला लावते."

त्यांनी कठड्यावरच फाईल उघडली आणि शेरा लिहिला. मी उलटा वाचायचा प्रयत्न केला. 'शिफारस करण्यात येते' एवढं दिसलं. खाली आणखी एक ओळ होती, ती त्यांनी फाईल माझ्या हातात दिल्यावर मी वाचली : 'सदर प्राध्यापक बोलत नसताना वर्ग उत्तम चालतो.'

हा शेरा आता माझ्या सेवापुस्तकात कायमचा आहे. शालनने तो तीनदा मोठ्याने वाचला. सर्जेरावांनी पेढे मागितले, वर म्हणाले, "चौतीस वर्षं मी काय सांगत होतो?" चेतनने फक्त एवढंच विचारलं की शिफारस तेरापैकी कोणाची झाली.

सोमवारी सकाळी मी मफलर घरी ठेवला, केस विंचरले आणि सहयोगी प्राध्यापकाला शोभेल अशा चालीने वर्गात शिरलो. जुनी वही टेबलावर ठेवली. चौसष्टावं पान, नदीचं कार्य. वर्ग भरलेला होता, इंद्रजीत पहिल्यांदाच दुसऱ्या बाकावर. काही पोरांनी घरून रिकामे डबे आणले होते. एकाच्या पिशवीत वाळू होती.

चैताली उभी राहिली. "सर, घसा कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो, खणखणीत. "एकदम बरा."

"अच्छा," ती म्हणाली आणि बसली. साठ चेहरे बघता बघता उतरले. डब्यांची झाकणं एकेक करून बंद झाली. इंद्रजीतने बाकाखालून दप्तर काढलं आणि सवयीने शेवटच्या बाकाकडे निघाला.

मी वहीकडे पाहिलं. चौसष्टावं पान पिवळं पडलं होतं. मग मी घशाला हात लावला, दोनदा खोकलो आणि फळ्यावर लिहिलं : 'वाळू कोणी आणली? नदी करून दाखवा.'

इंद्रजीत वाटेतच थांबला. त्याने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या बाकावर परत आला. शेवटचा बाक रिकामाच होता. मी जाऊन तिथे बसलो.